अठरा पूर्ण झाली, आता जा

बालगृहाच्या नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे जन्मतारखेचा रकाना असतो. ती तारीख मुलाच्या मुक्कामाची मुदत ठरवते. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलगा कागदोपत्री ‘बालक’ राहत नाही आणि बालगृहात त्याची जागाही राहत नाही. यातल्या कितीतरी तारखा मुळात अंदाजाने लावलेल्या असतात. शाळेचा किंवा जन्माचा दाखला असेल तर प्रश्न नाही. काहीच नसेल तर कायद्याप्रमाणे वैद्यकीय तपासणी होते, हाडांच्या वाढीवरून डॉक्टर वयाचा अंदाज देतात आणि बालकल्याण समिती वय ठरवते. गुरुजींनी शाळेत १ जून ही तारीख लावून दिलेली माणसं आपल्याकडे घरोघरी सापडतात. त्यांची फार तर निवृत्ती वर्षभर अलीकडे-पलीकडे झाली. इथे तशाच अंदाजी तारखेवर डोक्यावरचं छप्पर जातं.

ही मुलं सगळी अनाथ असतात असा एक सार्वत्रिक समज आहे, तो खरा नाही. आई-बाप दोघंही नसलेली मुलं बालगृहात असतात, पण वडील गेल्यावर धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या आईने नाइलाजाने ठेवलेली असतात, आईबाप तुरुंगात असलेली असतात, वेश्यावस्तीत जन्मलेली असतात, हॉटेलात नाहीतर गाळ्यावर राबताना सोडवलेली असतात. घरातल्या मारहाणीला कंटाळून गाडीत बसलेली आणि दादर-कल्याणच्या फलाटावर सापडलेली असतात. एकाचं गाव विदर्भात, दुसऱ्याचं थेट बिहारात. कुणाची आजी जिवंत असते पण तिला सांभाळणं झेपत नाही. कुणाचा मामा असतो, पण तो दहा वर्षांत एकदाही भेटायला आलेला नसतो. म्हणजे नाती असतात, फक्त ती उपयोगाची राहिलेली नसतात. ‘अनाथ’ म्हटलं की आपल्याला दया येते आणि तिथेच आपला विचार थांबतो. तुटलेलं नातं पुन्हा जोडता येईल का, हा प्रश्न मग कुणी विचारतच नाही.

आता असा एक मुलगा अठरा पूर्ण करून बाहेर पडला असं धरू. त्याच्याकडे बारावीची गुणपत्रिका आहे, आधार कार्ड आहे, एका बॅगेत मावतील इतके कपडे आहेत. त्याला खोली हवी आहे. “काकू, खोली रिकामी आहे ना? बाहेर पाटी बघितली.” काकू विचारतात, “गाव कुठलं रे तुझं? घरी कोण कोण असतं?” प्रश्न साधा आहे, कुणीही कुणालाही विचारतो. पण याला इथेच अडखळायला होतं. खरं सांगावं तर काकूंचा चेहरा बदलतो आणि ‘रिमांड होमचा मुलगा’ हा शिक्का बसतो. पूर्वीचं ते नाव लोकांच्या तोंडी अजून पक्कं आहे. खोटं सांगावं तर भाडेकरारावर कायमचा पत्ता काय लिहायचा? जामीन कोण राहणार? डिपॉझिट कुठून आणायचं? पोलीस पडताळणीच्या अर्जात जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि फोन नंबर मागतात. घरातून शिकायला बाहेर पडलेल्या मुलाला हे रकाने भरायला एक मिनिट लागत नाही.

खोली मिळाली तरी पुढे अडचणी आहेतच, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. बालगृहात घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की ताट घेऊन रांगेत बसायचं. साठ-सत्तर जणांचा भात एकदम शिजतो. एकट्यासाठी वाटीभर तांदळाला पाणी किती घालायचं हे कुणी दाखवलेलं नसतं. भाजीचा भाव माहीत नसतो, कारण भाजी टेम्पोने येते. डॉक्टरकडे एकटं कधी गेलेलं नसतं. कुठला निर्णय स्वतः घ्यायची वेळच आलेली नसते, आणि मग एका सकाळी सगळेच निर्णय एकदम अंगावर येतात. पहिला पगार आठवड्यात उडवणाऱ्या मुलांवर संस्थाचालक चिडतात. मला त्यात मुलांचा दोष फारसा दिसत नाही. महिन्याची बेगमी म्हणजे काय हे घरात आईला करताना बघूनच कळतं, त्याचा वर्ग घेता येत नाही.

नोकरीचंही तसंच. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला, तो आजही समाजशास्त्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निबंधांपैकी आहे. लोकांना नोकऱ्या कशा मिळतात हे तपासताना त्याला आढळलं की जिवलगांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या, तोंडओळखीच्या माणसांकडून कामाची बातमी जास्त येते. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. दूरच्या ओळखीतून नवी बातमी येते. हे आपल्याला सांगायला अमेरिकेतून कुणी यायला नको. ‘आमच्या साडूच्या कंपनीत माणसं घेतायत, विचारून बघतो’ या वाक्यावर महाराष्ट्रातली निम्मी औद्योगिक वसाहत चालते. बालगृहातल्या मुलाला साडू नसतो, शेजारचे जोशी काका नसतात, गणेश मंडळातला दादा नसतो. त्याच्या ओळखी सगळ्या त्याच्याच आवारातल्या, आणि त्यांचीही स्थिती त्याच्यासारखीच. पैसा आणि निवारा याइतकीच ही उणीव मोठी आहे, माझ्या मते त्याहूनही मोठी. आणि योजना आखताना नेमकी तीच राहून जाते.

कायद्याने मात्र बराच विचार केलेला आहे, हे मान्य करायला हवं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात मिसळता यावं म्हणून आर्थिक मदत देण्याची तरतूद आहे. याला सरकारी मराठीत अनुरक्षण म्हणतात. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार हा आधार एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं, म्हणजे तेविसापर्यंत देता येतो. नियमांत काय काय आहे ते वाचलं तर थक्क व्हायला होतं: सहा ते आठ जणांच्या गटाने वस्तीतच राहण्याची तात्पुरती सोय, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, नोकरी लागेपर्यंत मदत, नियमित भेटणारा समुपदेशक, स्वतःचा धंदा काढायचा तर कर्ज. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला प्रश्न कळला होता. मोठी इमारत नको, सहा-आठ जणांचं घर हवं आणि तेही वस्तीत हवं, ही अगदी नेमकी सूचना आहे.

गाडी अडते ती पुढे. ही मदत ‘देता येईल’ अशी आहे, मिळालीच पाहिजे अशी नाही. राज्यात शासकीय अनुरक्षणगृहं मोजकी आहेत आणि मुलगा ज्या जिल्ह्यात लहानाचा मोठा झाला तिथे ते असेलच असं नाही. म्हणजे असलेल्या चार ओळखीही सोडून जायचं. २०२२ मध्ये केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये ठरवले आहेत. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेस लावून, बसचा पास काढून बघा, चार हजार कुठवर पुरतात. शिवाय तेही आपोआप येत नाहीत. अर्ज, चौकशी अहवाल, समितीचा आदेश आणि बँक खातं असा प्रवास असतो. तो सुरू व्हायला हवा मुलगा संस्थेत असतानाच. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा करायचा आणि त्यात बाहेर पडल्यानंतरचंही नियोजन करायचं असं नियम सांगतात. आराखड्याचा कागद फाइलला लागलेला असतो. त्यात ‘मुलाची आवड’ या प्रश्नापुढे ‘क्रिकेट’ आणि ‘भविष्यातील योजना’ यापुढे ‘नोकरी’ एवढंच लिहिलेलं असलं, तर त्यातून आधार कसला मिळणार?

अठराव्या वर्षी कुणी स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये पीएम केअर्स योजना आली, तेव्हा प्रत्येक मुलाच्या नावे अठराव्या वर्षापर्यंत १० लाखांचा निधी उभा करायचा, अठरा ते तेवीस त्यातून दरमहा विद्यावेतन द्यायचं आणि तेविसाव्या वर्षी पूर्ण रक्कम हातात द्यायची असं ठरलं. ते योग्यच होतं. पण ज्याचे आईबाप क्षयाने, अपघाताने किंवा दारूने गेले त्याला वेगळा न्याय का, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

महाराष्ट्राने एका बाबतीत देशाला वाट दाखवली, तीही एका मुलीमुळे. गोव्यातल्या संस्थेत वाढलेली ही मुलगी अठरा पूर्ण झाल्यावर पुण्याला आली. पहिली रात्र तिने रेल्वे स्टेशनवर काढली. मिळेल ती कामं करत शिकली, राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसली. गुण होते, पण तिला कुठल्याच प्रवर्गात बसवता येईना, कारण जातीचा दाखला द्यायचा तर आई-वडिलांची कागदपत्रं लागतात. तिने मंत्रालयापर्यंत पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये राज्याने अनाथांसाठी शिक्षणात व नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण लागू केलं. पुढे त्याच्या निकषांत बदल होत गेले. आज महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र हा अशा मुलांचा सर्वांत मोलाचा कागद आहे. तो संस्थेत असतानाच हातात पडला तर ठीक. बाहेर पडल्यावर, दुसऱ्या शहरात मजुरी करताना, रजा काढून तो मिळवायचा म्हणजे रोजगारावर पाणी सोडणं आलं. आणि आरक्षणाचा फायदा शिक्षणात पुढे गेलेल्यांनाच, हेही खरं. दहावीला गटांगळी खाल्लेला मुलगा त्याच्या कक्षेतच येत नाही.

मुलींची गोष्ट वेगळी, आणि ती दबक्या आवाजात बोलली जाते. मुलगी अठराची झाली की ‘स्थळ बघा’ हा पुष्कळ ठिकाणी पुनर्वसनाचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. मंडप पडतो, प्रतिष्ठित पाहुणे येतात, कन्यादानाचं पुण्य पदरात पडतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. चांगली लग्नंही होतात, नाही असं नाही. पण सासरी बिनसलं तर ही मुलगी जाणार कुठे? पहिल्या बाळंतपणाला कुठे जाणार? संस्थेच्या यादीतून तिचं नाव ‘पुनर्वसित’ म्हणून कमी झालेलं असतं. अनाथ मुलांना वाढवणाऱ्या सिंधुताई सपकाळ ऊर्फ माई यांच्या कामातली एक गोष्ट मला यासाठीच महत्त्वाची वाटते: लग्न करून दिलेल्या लेकी आणि जावई हे त्यांच्या गोतावळ्यातच राहिले, आणि माई ते अभिमानाने मोजून दाखवत. मुलीला परतीचं दार उघडं आहे हे सासरच्यांना ठाऊक असणं, यात तिचं निम्मं संरक्षण असतं.

पाठीशी टिकून राहणारं माणूस लागतं, याला शास्त्रीय आधारही आहे. हवाई बेटांतल्या कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी जन्मापासून चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांची व्यसनं किंवा मानसिक आजार अशा अनेक संकटांत एकाच वेळी सापडलेली मुलं त्यात होती. त्यांतली सुमारे दोनतृतीयांश मुलं पुढे अडचणीत आली, पण एकतृतीयांश धडधाकट, कर्तीसवरती माणसं झाली. त्या मुलांत स्वभावाचा, हुशारीचा भाग होताच. पण वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात टिकून राहिलेलं किमान एक भरवशाचं मोठं माणूस. ते आईबापच असायला हवे होते असं नाही. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, कुणीही चाललं. अट एकच, ते माणूस मध्येच निघून जाता कामा नये.

आपल्या बालगृहांत नेमकी ही अट मोडते. काळजीवाहक कंत्राटावर असतात, ते बदलतात. अधीक्षकांची बदली होते. सामाजिक कार्यकर्तीचा प्रकल्प संपतो. आणि बाहेरून येणारे आपण? वाढदिवसाला केक घेऊन जातो, मुलांना रांगेत बसवून वाटतो, त्यांच्याकडून गाणं म्हणवून घेतो, फोटो काढतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत जातो. अशा भेटींनी मुलं एकच गोष्ट शिकतात, की लोक येतात आणि जातात. मला विचाराल तर महिन्यातून एकदा, पण पाच वर्षं न चुकता येणारा एक साधा माणूस शंभर केकवाल्यांपेक्षा जास्त कामाचा.

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी हा प्रश्न मुळापासूनच निराळा सोडवला. पूर्वी पत्रकारिता करणाऱ्या या माणसाने टाकून दिलेली, त्यातही दिव्यांग असलेली मुलं सांभाळायला घेतली. वडिलांच्या रकान्यात स्वतःचं नाव लावलं. अंध, मूकबधिर, मतिमंद मुलाला अठराव्या वर्षी बाहेर काढणं म्हणजे त्याला पुन्हा उकिरड्यावर टाकणंच आहे, असं म्हणत त्यांनी अठरानंतरही मुलं संस्थेत राहू शकतील असा कायदा व्हावा यासाठी वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची एक दृष्टिहीन लेक, जी तान्ही असताना जळगाव स्टेशनवर कचराकुंडीत सापडली होती, लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. बातमी सर्वत्र छापून आली. पण त्या बातमीमागची वीस-पंचवीस वर्षं तिला मुदत घालून दिलेली नव्हती, हे छापायचं बहुतेकांकडून राहून गेलं.

प्रत्येक संस्थेने वझ्झर व्हावं असं माझं म्हणणं नाही. सुदृढ मुलाने कधीतरी बाहेर पडायलाच हवं. पंचविशीपर्यंत संस्थेत ठेवलं तर तो संस्थेबाहेर जगूच शकणार नाही. प्रश्न बाहेर पडण्याचा नसून एका झटक्यात पडण्याचा आहे. इंग्लंडमध्ये पालककुटुंबात (फॉस्टर फॅमिलीत) वाढलेल्या मुलाला दोन्ही बाजू राजी असतील तर एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच घरात राहता येतं, आणि संस्था किंवा पालककुटुंब सोडलेल्या तरुणाला पंचविसाव्या वर्षापर्यंत एक नेमून दिलेला सल्लागार मागता येतो. तिथेही सगळं आलबेल नाही, बेघर तरुणांत ही मुलं बरीच दिसतात. पण जबाबदारी कुणाची, हे तिथे नावानिशी ठरलेलं असतं.

आपल्याकडे जिथे हे जमलं आहे तिथे काय दिसतं? सोळाव्या वर्षापासून मुलं आळीपाळीने बाजारहाट करतात, हिशेब लिहितात, बँकेत स्वतः स्लिप भरतात. आवाराबाहेरच्या शाळेत जातात, गावातल्या तालमीत, ढोलपथकात, क्रिकेटच्या संघात असतात, म्हणजे ‘संस्थेची मुलं’ अशी त्यांची वेगळी जत्रा नसते. हयात नातेवाइकांचा शोध घेतला जातो आणि राहण्याइतकं नातं नसलं तरी सणाला भेटण्याइतकं तरी जुळवलं जातं. बाहेर पडलेले तीन-चार जण एकत्र खोली घेतात आणि त्या खोलीचा जामीन संस्था राहते. शिवाय माजी प्रवेशितांचा मेळावा होतो. त्यात पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेली नर्स किंवा फिटर यंदा बाहेर पडणाऱ्यांना आपला नंबर देऊन जातात. या शेवटच्या गोष्टीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि मघाच्या त्या साडूची जागा थोडीफार हेच लोक भरून काढतात. दिवाळीची सुट्टी ही बाहेर पडलेल्या या मुलांची खरी परीक्षा असते. वसतिगृह बंद, मेस बंद, सगळे मित्र गावी. चार दिवस जायचं कुठे, याची सोय ज्या संस्थेने केली तिला अनुरक्षण कळलं असं मी समजतो.

यात वाचकाने काय करायचं? देणगी द्या, तिला ना नाही. पण तुमच्याकडे भाड्याने द्यायला खोली असेल आणि दारात असा मुलगा आला तर नातेवाइकांच्या रकान्याऐवजी संस्थेचं पत्र चालवून घ्या. कारखाना, दुकान, दवाखाना असेल तर एखाद्याला शिकाऊ म्हणून घ्या आणि पहिल्या चुकीला ‘शेवटी संस्थेतलाच’ असं म्हणू नका. वेळ देणार असाल तर एकाच मुलाला द्या आणि निदान पाच वर्षं टिकणार असाल तरच सुरुवात करा. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. महिला व बालविकास कार्यालयात त्याचा पत्ता मिळतो. तिथे एकदा जाऊन विचारा, यंदा आपल्या जिल्ह्यातली किती मुलं अठरा पूर्ण करणार आहेत आणि त्यांतल्या किती जणांची राहायची सोय झाली आहे.